नकाशातली थोरली बाव

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो. सोनिवलीच्या ज्या शेतात जन्मभर भात लावला, त्याच शेताच्या फाटकाशी मी त्या साली प्लास्टिकच्या खुर्चीत बसत होतो. गावातले म्हणायचे, म्हातारा वॉचमन झाला. मी वॉचमन नव्हतो. वॉचमनचा निळा शर्ट आणि शिट्टी बिल्डरच्या माणसांनी दिली होती, ती मी घडी न मोडता परत केली. गाड्यांचे नंबर लिहायला सांगितले, तेही नाही म्हटलं. गाडी आली की उठून दांडा वर करायचो, गेली की खाली करायचो. तेवढं पुरे. मी तिथे बसत होतो ते माझ्या कारणासाठी, आणि ते कारण फाटकापासून हाकेच्या अंतरावर होतं. आमची विहीर.

विहिरीला आमच्यात बाव म्हणतात. गावात दोन होत्या. धाकटी रस्ता रुंद केला तेव्हाच गेली. आमची ती थोरली बाव. आजोबांनी खणलेली, काळ्या दगडाचा कठडा, आणि कठड्याला दोराने घासून पडलेल्या खाचा. माझी बायको लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या सकाळी तिला तिथेच नेलं होतं. नव्या सुनेने आधी बावीत डोकावायचं, मग हंडा भरायचा, अशी आमच्याकडे रीत. ती डोकावली आणि म्हणाली, केवढी खोल! आई म्हणाली, आता तुझीच आहे.

तेव्हापासून आमच्या घरात डाळ त्याच पाण्यात शिजली. हे लोकांना सांगितलं की हसतात. हसू देत. बोरिंगच्या पाण्यात तुरीची डाळ किती वेळ ठेवा, दाणा दाण्याला ओळखत नाही. बावीच्या पाण्यात घातली की लोण्यासारखी. धुण्याभांड्याला बोरिंग, डाळभाताला बाव, असं आमचं वर्षानुवर्षं चाललेलं. गल्लीत नळाची लाइन आली तेव्हा सगळ्यांनी घरात कनेक्शन घेतलं. मी घेतलं नाही. बाव असलेल्या घराला नळ कशाला? कोपऱ्यावर एक सार्वजनिक नळ ठेवला होता, चाळीतल्या भाडोत्री बाया तिथे हंडे लावायच्या. आमच्या घराण्यातलं माणूस त्या नळावर कधी उभं राहिलं नाही. मी ते चारचौघांत सांगायचोसुद्धा.

जमीन मी एकट्याने विकली नाही. भाऊ, पुतणे, बहिणी, सगळ्यांच्या सह्या. तीन बाजूंनी इमारती आल्या होत्या. त्यांनी आपापला भराव टाकून जोती उंच केली आणि त्यांचं सगळं पाणी आमच्या खाचरात उतरायला लागलं. भात उभा कुजायचा. बाकीचे तयार झाले, मीही झालो. तयार झाली नाही ती बायको. सातबाऱ्यावर तिचं नाव मीच हौसेने लावलं होतं, आता तिच्या अंगठ्यावर अडलं.

ती म्हणाली, "जमीन द्या. मना तिचा काय नाय. पन बाव?"

बिल्डर शेठ स्वतः घरी आला. खाली चटईवर बसला, चहा प्यायला, माझ्या पाया पडला. म्हणाला, "काका, विहीर आपण गार्डनमध्ये घेऊ. बाजूने बाकडी टाकू. सिनियर सिटिझन लोक बसतील."

मी म्हटलं, "कोण बसतं, कोण उठतं, मला काही नाही. माझ्या बायकोला पाणी काढता आलं पाहिजे."

"मावशी रोज येतील. मालकिणीसारख्या येतील."

पुतण्या माझ्या कानाशी लागला, आप्पा, हे लिहून घ्या. मी त्याच्यावर खेकसलो. माणूस आपल्या घरात चटईवर बसून चहा पितोय आणि त्याच्याकडून कागद मागायचा? शेठ गेल्यावर मी बायकोला म्हटलं, त्याचा शब्द मी घेतलाय, आणि माझा शब्द तुला देतो. बाव राहील.

ती म्हणाली, "तुमी सांगताव म्हनून करतंय." आणि अंगठा दिला. शेठचा शब्द तिच्या लेखी काही नव्हताच. तिने अंगठा दिला तो माझ्या शब्दावर. पुढचं सगळं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

साइटवर एक इंजिनियर होता, जळगावकडचा, अंगाने किडकिडीत. मी त्याला इंजिनियर म्हणायचो, तो मला बाबा. त्याच्याकडे ड्रोन होतं. दर आठवड्याला तो ते पेटीतून काढायचा, पाती उलगडायचा आणि उडवायचा. ते नांगरटीसारखं जायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग वळून परत, नांगराचं एक तास सुटू द्यायचं नाही. कुठे किती खोदलं, किती भरलं, ते त्यावरून कळतं म्हणे.

"बाबा, हसा जरा, फोटो निघतोय."

"वरून काय दिसणार? टक्कल."

"तेच दिसतं. एकदम क्लिअर."

एक दिवस त्याने मला कॉम्प्युटरवर दाखवलं. अख्खं शेत वरून. मी पहिल्यांदाच बघत होतो. बांध मोडले होते तरी त्यांच्या खुणा मातीच्या रंगात दिसत होत्या. फाटकाजवळ पांढरा ठिपका, तो मी. आणि मधोमध काळी टिकली, गोल, कुंकवासारखी बसलेली. बाव. तिच्या कडेला हिरवा ठिपका होता. मी म्हटलं, हे मोठं कर. त्याने केलं. ती बायको होती. हिरवं लुगडं, हंडा कठड्यावर टेकवलेला. तिला कळलंही नव्हतं.

घरी जाऊन मी तिला सांगितलं, तू नकाशात आलीस, बावीसकट. ती म्हणाली, बरा. माझ्या जिवाला मात्र मोठा आधार वाटला. वरून काढलेल्या फोटोत जी गोष्ट आहे ती कोण नाही म्हणणार?

दिवाळीनंतर साइटच्या केबिनमध्ये टेबलावर एक मोठा कागद पसरलेला दिसला. त्यावर सगळ्या रेषाच रेषा, बोटाच्या ठशासारख्या. इंजिनियर म्हणाला, ही आपली जमीन. उंच कुठे, सखल कुठे, ते या रेषांवरून समजतं. मी फाटक शोधलं, सापडलं. ओढा शोधला, सापडला. बाव शोधली. तिथे रेषा सरळ निघून गेल्या होत्या, जणू वाटेत काही नव्हतंच.

"यात बाव कुठंय?"

त्याने वाकून बघितलं. "नाहीये."

"फोटोत आहे."

"फोटो वेगळा, बाबा. इमारतीचा नकाशा करणारे अंबरनाथला बसतात, त्यांचं सॉफ्टवेअर दुसरं. त्यात आपला फोटो टाकला तर फाइल जड होते, त्यांचं मशीन बसतं. त्यांना फक्त जमीन लागते. म्हणून उल्हासनगरच्या ऑफिसातून आपला फोटो धुऊन, गाळून, नुसत्या रेषा काढून तिकडे पाठवतात."

"मग बाव जमिनीत नाही तर काय आभाळात आहे?"

तो हसला. म्हणाला, "हे उल्हासनगरला विचारा."

तो चेष्टेत म्हणाला. मी दुसऱ्या दिवशी उल्हासनगरला गेलो.

शेअर रिक्षाने बदलापूर, तिथून पुढे दोन रिक्षा बदलून. पत्ता इंजिनियरने दिला होता, मी जाईन असं त्याला वाटलं नव्हतं. खाली जीन्स शिवायचा कारखाना, वर ऑफिस. मशीनच्या घरघरीने लोखंडी जिना पायाखाली थरथरत होता. वर एक सिंधी बाई बसलेली, चाळिशीची, चष्मा केसांत खोचलेला. आपलं मराठी आणि तिचं हिंदी, चाललं.

"अंकल, किसने भेजा?"

"कोणी नाही. मी आलो."

"काम क्या है?"

"माझी बाव तुम्ही काढून टाकली. ती परत ठेवा."

तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, मग विचारलं बाव म्हणजे काय. मी सांगितलं. तिने फोटो उघडला, काळी टिकली सापडली. मग तिने जे दाखवलं ते मला पुरतं समजलं नाही, जेवढं समजलं तेवढं सांगतो. ड्रोनच्या फोटोंतून कॉम्प्युटर लाखो ठिपके बनवतो. त्यांतले जमिनीचे ठेवतो आणि जमिनीवर उभं असलेलं सगळं काढून टाकतो. झाडं, गाड्या, विटांचे ढीग, माणसं. बावीचा कठडा उभा होता, तो गेला. आणि आतलं पाणी काळं, त्यात कॉम्प्युटरला ठिपकाच मिळत नाही. मग तिथे भोक पडतं. भोक दिसलं की तो आजूबाजूची जमीन ओढून ते बुजवतो.

"आपोआप?"

"ऑटोमॅटिक, अंकल. मशीन को लगता है गलती है, तो भर देता है."

तिने मला ते करून दाखवलं. आधी फोटो. मग माणसं गेली, आणि हिरवा ठिपका गेला. मग झाडं. मग कठडा. मग बाव मिटली, डोळा मिटावा तशी. खाली नुसती राखाडी जमीन. बाव होती तिथे मी काचेवर बोट ठेवलं. ती म्हणाली, "अरे, टेन्शन मत लो. मैं हाथ से डाल देती हूँ."

तिने विचारलं, विहीर केवढी रुंद. माप मला माहीत नव्हतं. बाव कोण मोजतो? म्हटलं, म्हैस पडली तर आत वळून वर बघेल एवढी. ती एवढ्या जोराने हसली की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून बघितलं. मग तिने फोटोवरच माप घेतलं आणि रेषांच्या कागदावर एक गोल काढला. मला समजावलं की नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेले काचेसारखे कागद, एकावर रस्ते, एकावर रेषा, आणि ही बाव आपण वेगळ्या कागदावर ठेवतोय. त्या कागदाला नाव द्यावं लागतं. गोलाशेजारीही काय आहे ते लिहावं लागतं.

"इंग्लिश में लिख दूँ? उधर वाले का सॉफ्टवेअर थोडा पुराना है."

मी म्हटलं, "इंग्रजीत कशाला? बाव काय इंग्रजांनी खणली?"

"समझने के लिए, अंकल."

"समजायला काय आहे त्यात? अंबरनाथला मराठी माणसं नाहीत का? नाव लिहा. थोरली बाव."

"थोरली मतलब?"

"मोठी. मान असलेली."

तिने पुन्हा एकदा विचारलं. मी चौथी शिकलेला माणूस, पण मराठी अक्षर माझ्या ओळखीचं आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर ते काय लिहिलंय हे मला कोणी सांगितलं तेवढंच कळलं असतं. मला माझ्या डोळ्यांनी वाचायचं होतं. मी हटलो नाही. ती म्हणाली, "ठीक है, आपकी बाव, आपका नाम." मोबाइलवर मराठी अक्षरं टाइप करून तिने ती नकाशात आणली. कागदाचं नावही तेच दिलं. मी स्क्रीनवर वाचलं, थोरली बाव. काना-वेलांटीसकट बरोबर.

मग तिने माझ्यासमोर बटण दाबलं.

"लो अंकल, चली गई आपकी बाव."

म्हणजे अंबरनाथला गेली.

तिने एक रंगीत प्रिंट काढून मला दिली, वर प्लास्टिकची पिशवीही दिली, घडी पडू नये म्हणून. तिने काम चोख केलं. तिच्याबद्दल कोणी वाकडं बोललेलं मी ऐकून घेणार नाही.

घरी मी ती प्रिंट दाराशेजारी भिंतीला चिकटवली. बायको हात पुसत आली.

"यात बाव कंची?"

मी बोट ठेवलं. तिने जवळ जाऊन बघितलं, वाचता येत नसताना ते नाव वाचावं तसं बघितलं.

"आनि मी?"

"तू नाहीस. माणसं काढून टाकतात."

"बरा झाला. म्हातारपनी फोटू कशाला."

त्या हिवाळ्यात मी खुर्चीवर जरा रेलून बसायचो. शेजारच्या साइटवरचा एक रखवालदार गप्पांना यायचा, त्याला मी सगळं ऐकवलं, उल्हासनगरसकट. तो म्हणाला, काका, तुम्ही तर ऑफिसात जाऊन काम करून आलात. मी म्हटलं, मग! बायको सकाळी हंडा घेऊन यायची, मी दांडा वर करायचो, जणू गाडीच येतेय. ती म्हणायची, "चला, तमाशा नको." पण मी रोज करायचो.

संक्रांतीनंतर लोखंड आलं. मग एका सकाळी कामगारांनी दोऱ्या ताणल्या आणि चुन्याची फक्की मारायला लागले. चुना जिथे पडतो तिथे खोदाई होते, हे कोणालाही माहीत आहे. पांढरी रेघ फाटकाकडून आली, ओढ्याकडून दुसरी आली, आणि दोन्ही बावीच्या कठड्याला येऊन टेकल्या. पलीकडच्या बाजूने पुन्हा सुरू झाल्या.

मी धावलो. इंजिनियर तिथेच होता, कागद कठड्यावर पसरून, वर वाऱ्याने उडू नये म्हणून दगड ठेवून.

"हे काय चाललंय?"

"फुटिंग, बाबा. कॉलमचा पाया."

"इथे बाव आहे."

त्याने कागदावर बोट फिरवलं. फिरवत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ड्रॉइंगमध्ये विहीर नाहीये."

"मग तू टेकलायस कशावर?"

तो कठड्यावरून हात काढून सरळ उभा राहिला. बिचारा लाल झाला. म्हणाला, "बाबा, मला दिसतेय. पण मी ड्रॉइंगप्रमाणे काम करतो."

मी घरी गेलो, भिंतीवरची प्रिंट काढली, चार कोपऱ्यांचा रंग तिच्याबरोबर निघून आला. ती त्याच्यापुढे धरली. त्याने नीट बघितली. "हे बरोबर आहे. पण हे उल्हासनगरचं आहे. मला जे आलं ते अंबरनाथचं."

मग अंबरनाथ. आनंदनगर एमआयडीसीच्या अंगाला एका इमारतीत त्यांचं ऑफिस. त्या बाजूला हवेला कायम औषधासारखा वास असतो, घशात बसतो. नकाशावाला माझ्या पुतण्याच्या वयाचा, मराठीच. कपाळाला गंध. मला बघून खुर्चीतून उठला, चहा मागवला. भांडायला गेलेल्या माणसाला असं वागवलं की भांडण निम्मं तिथेच संपतं, आणि मला ते संपायला नको होतं.

त्याने उल्हासनगरहून आलेली मूळ फाइल शोधून उघडली. रेषा आल्या. त्यांच्या मध्ये गोल आला. तो होता! मी म्हटलं, ही बघा, ही काय. गोलाशेजारी काहीतरी लिहिलेलं होतं. मी चष्मा पुसला. नुसती प्रश्नचिन्हं. एकाला लागून एक, ओळीने.

"हे काय?"

"आमच्या सॉफ्टवेअरला मराठी अक्षर कळत नाही, काका. त्याला जे कळत नाही तिथे तो हे टाकतो." त्याने बाजूची यादी दाखवली, त्या काचेच्या कागदांची. रस्ते, कुंपण, ओढा, सगळं इंग्रजीत. शेवटी पुन्हा प्रश्नचिन्हं. "दुसरीकडून फाइल आली की त्यात असला कचरा येतोच. कोणाचं तरी राहिलेलं, चुकून काढलेलं. आम्ही आधी ते साफ करतो. फाइल हलकी होते."

"कचरा."

"तसं नाही हो. मला काय माहीत, तो गोल म्हणजे झाडाचं आळं आहे, टाकी आहे, की कोणाचा हात लागलाय? नाव वाचता आलं असतं तर फोन तरी केला असता."

"तुम्ही मराठी आहात."

"मी आहे," तो म्हणाला. "हे नाहीये." आणि कॉम्प्युटरवर टिचकी मारली.

मी म्हटलं, "मग आता टाका."

"टाकतो. मिनिटाचं काम." त्याने खरंच टाकला, गोल. वर इंग्रजीत दोन-चार अक्षरं. मग त्याने इमारतीचा नकाशा त्यावर आणून ठेवला. गोलाच्या बरोबर पोटात एक चौकोन बसला, भरीव. कॉलम. "आता हा हलवला तर हा हलतो, हा हलला की वरचे सगळे मजले. मंजुरी झालीय. लोखंड कापून झालंय. आधी कळलं असतं तर इमारत चार पावलं सरकवायला काही नव्हतं, काका. खरंच काही नव्हतं."

चार पावलं. परतीच्या रिक्षात ते दोन शब्द माझ्याबरोबर बसून आले.

आता पुतण्या म्हणतो, आप्पा, तुम्ही इंग्रजीला हो म्हटलं असतं तर बाव राहिली असती. गावातही हेच चालतं, मी समोर आलो की गप्प होतात. मी त्यांना सांगितलंय, तुम्हालाही सांगतो. माझ्या आजोबांनी खणलेल्या बावीला मी माझ्या भाषेत नाव दिलं, यात मला चूक दिसत नाही. अजून दिसत नाही. ज्या यंत्राला माझ्या शेतातली ढेकळं मोजता येतात त्याला दोन शब्द वाचता येऊ नयेत, हे माझ्या माथी मारू नका. पण हे मी कितीही ठासून सांगितलं तरी डाळ त्याने शिजत नाही, तेही मला माहीत आहे.

शेठला फोन मी बावीच्या कठड्यावर बसूनच केला.

"काका, मी शब्द फिरवणारा माणूस आहे का? मी पहिल्या मीटिंगला सांगितलं होतं, विहीर ठेवायची. अंबरनाथवाले म्हणाले, साइटवर विहीरच नाही. जे नाहीच ते कसं ठेवणार?"

"शेठ, मी तिच्यावर बसून बोलतोय."

 तो म्हणाला, "मी तुम्हाला नवीन करून देतो. गार्डनमध्ये. मस्त कारंजं. रात्री लाइट."

"कारंज्यात काय शिजवायचं?"

"काय?"

मी फोन ठेवला. तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. खोटं बोलणाऱ्याची गचांडी धरता येते. इथे मी दोन ऑफिसांत जाऊन आलो आणि दोन्हीकडे मला बसायला खुर्ची दिली.

बायकोला सांगायचं कसं, याचा विचार करत दोन-तीन दिवस मी घरात कमी आणि फाटकावर जास्त राहिलो. सांगावं लागलंच नाही. भिंतीवर प्रिंट नव्हती, चार कोपऱ्यांचे पोपडे होते. तिने ते बघितले होते. त्या जागी तिने कॅलेंडर लावलं.

भरायचा दिवस आला तेव्हा मी इंजिनियरला एवढंच म्हटलं, सकाळी तिचं पाणी भरून होऊ दे. तो म्हणाला, बाबा, तुम्ही सांगाल तेव्हा. डंपर रांगेत उभे होते, मुरूम आणि जुन्या इमारतींचा राडारोडा भरलेले. खोदाईचं मशीन कठड्याकडे तोंड करून. बायको नेहमीच्या वेळेला आली. मी दांडा वर केला. तिने या वेळी तमाशा नको म्हटलं नाही. मशीनवाला उत्तरेकडचा, त्याने स्वतःहून इंजिन बंद केलं. तिने बादली सोडली. आतून तो आवाज आला, बादली पाण्याला टेकते तो. तिने ओढून हंडा भरला. मग कठड्यावर दोन्ही हात ठेवून आत डोकावली, पहिल्या दिवशी डोकावली होती तशी. काय बघितलं तिलाच ठाऊक. हंडा उचलला आणि माझ्या समोरून गेली.

दोर आणि बादली मी काढून घेतली. कठडा आधी आत गेला. दगड मोठे, पाणी वर उसळून मशीनच्या काचेवर आलं. मग मुरूम. दुपारपर्यंत मधे नुसता ओला डाग उरला होता, आणि संध्याकाळी रोलर फिरल्यावर तोही नाही. इंजिनियरने ड्रोन काढलं नाही. म्हणाला, पुढच्या आठवड्यात. मी म्हटलं, कशाला उडवतोस, तुझ्या कागदावर आधीपासून असंच आहे. 

त्या संध्याकाळी तिने त्या पाण्यात डाळ शिजवली. हंडा तेवढ्यात संपला नसता, पण तिने सगळं पाणी वापरलं, भात, डाळ, चहा, उरलेलं पिण्याच्या मडक्यात. आम्ही जेवलो. डाळ नेहमीसारखी झाली होती. मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

मी म्हटलं, "मी शब्द दिला होता."

ती म्हणाली, "व्हय."

मला वाटलं पुढे काही बोलेल. रागावेल, रडेल, निदान पुतण्यासारखं काही म्हणेल. तिने ताटं गोळा केली, हंडा पालथा घातला आणि म्हणाली, "उद्याच्या डालीला पानी कुठला ते बगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकावर गेलो नाही. हंडा उचलला, खांद्यावर घेतला आणि कोपऱ्यावरच्या नळाकडे गेलो. बायांचे हंडे, कळशा, रंगाचे रिकामे डबे, सगळे ओळीने लावलेले. मला बघून त्यांच्या गप्पा थांबल्या. एकीने डोक्यावर पदर घेतला, दुसरीने आपली कळशी मागे ओढून मला पुढे जागा केली. मी पुढे गेलो नाही. ओळीच्या शेवटी हंडा ठेवला.

चाळीतली एक म्हातारी, मला लांबून ओळखणारी, म्हणाली, "आजोबा, तुम्ही इथं? बाव आटली का काय तुमची?"

"आटली," मी म्हटलं, आणि हंड्याशेजारी उभा राहिलो.